सारिकाच्या मापाची फ्रेम

सायकल धुताना सारिकाला चीर सापडली. रविवारी सकाळी लोणावळ्याच्या डोंगरावरून आणलेला लाल चिखल दुपारपर्यंत वाळून टणक झाला होता. इंदुरीतल्या घरामागच्या ओट्यावर सायकल उलटी ठेवून ती ओल्या फडक्यानं एकेक नळी पुसत होती. फ्रेमचा मागचा भाग पुढच्या भागाला जोडलेला असतो, त्या सांध्याजवळ फडकं जरासं अडकलं. तिनं तिथून नख फिरवलं, तर नखही अडकलं.

तळेगावच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्याचं तिचं काम. रंगावरचा ओरखडा कोणता आणि धातूत गेलेली चीर कोणती, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मग तिनं दिराला हाक मारली, कारण सायकल मुळात त्याची होती. कैलासनं स्वतःसाठी नवीन घेतली, तेव्हा जुनी वहिनीला देऊन टाकली होती.

कैलास आला, वाकला, बघितलं. "एवढंच ना. वडगावात आपल्या ओळखीचा आहे एक, वेल्डिंग मारून देईल."

"ॲल्युमिनियम आहे भावजी. वेल्डिंग केलं की तिथली ताकदच जाते. जिन्यावर मोडली म्हणजे?"

"जिन्यावर तुमी उतरूनच चालता की, वहिनी," कैलास म्हणाला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. खरं तेच तो बोलला होता, आणि म्हणूनच ते सारिकाला लागलं.

जिना म्हणजे भुशीच्या मागच्या पठारावरून खाली उतरणारी कातळाची वाट. पायऱ्यांसारखे दगड आणि त्यांत एकामागून एक तीन अरुंद वळणं. रविवारी डोंगरात सायकली घालणाऱ्या मंडळींनीच हे नाव ठेवलं होतं. पठारावर चढताना सारिका भल्याभल्या पुरुषांना मागं टाकायची. पण जिना आला की ती उतरायची आणि सायकल हातात धरून एकेक दगड खाली यायची. ती पोचेपर्यंत बाकीच्यांचा चहा होऊन गेलेला असायचा. दुसऱ्या वळणावर ती पूर्वी पडली होती, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्यानंतर पुन्हा एकदा तिथंच पडली. तेव्हापासून तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं की आपण भित्र्या आहोत. चढायला दम लागतो, तो आपल्याकडं आहे. उतरायला छाती लागते, ती नाही.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. नवरा अमृत जर्बेराच्या फुलांचं पॉलिहाऊस बघायचा, सायकलीतलं त्याला फारसं कळत नव्हतं. तो म्हणाला, "चाकं, ब्रेक, पुढचा फोर्क सगळं धड आहे ना? मग नुसती फ्रेम घे. पण ह्या वेळेला स्वतःसाठी म्हणून घे. कैलासनं टाकलेली नको."

सासूबाई, बयाबाई, भाकरी वाढता वाढता थांबल्या. "येवढी डोंगरावर न्हेती, नि तितनं हातात धरून उतरवती. ती काय शेळी हाय व्हय गं?"

अमृत हसला. सारिकाही हसली. पण त्या रात्री तिला ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

पुढच्या शनिवारी सारिका आणि कैलास लोणावळ्यात माधवीच्या दुकानात गेले. माधवी पन्नाशीची, चांगली उंच बाई. तरुणपणी सायकलच्या शर्यती गाजवल्या होत्या, आता दुकान चालवायची आणि दर जानेवारीत वलवणपासून भुशीपर्यंतची डोंगरी शर्यत भरवायची. दुकानात फुल सस्पेन्शनच्या, म्हणजे मागच्या चाकालाही शॉक असलेल्या, दोनच फ्रेमा टांगलेल्या होत्या. दोन्ही मीडियम मापाच्या.

कैलासची नजर काळ्या फ्रेमवर गेली ती तिथंच राहिली. "हीच घ्या वहिनी. हिच्यात मागचं चाक केवढं वर-खाली होईल बघा. जितका ट्रॅव्हल जास्त तितका दगडाचा मार कमी. मार कमी म्हणजे भीती कमी."

सारिकाला ते पटलं. तिनं फ्रेमवरून हात फिरवला. जोड इतके सफाईदार होते की तिच्यातली तपासनीस खूश झाली.

"लगेच ठरवू नकोस," माधवी म्हणाली. "ह्याच फ्रेमची एक तयार सायकल आहे माझ्याकडं. उद्या घेऊन जा, दगडात घाल, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी रविवारची मंडळी यायच्या आत, उजाडताच सारिका एकटीच निघाली. कुणी बघायला नको होतं तिला. पावसाळा सरून गेला होता, पठारावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि वाटेवरचा चिखल दाबून बसला होता. काळी सायकल चढाला जरा जड वाटली, पण सपाटीवर दगड असे गिळत होती की सारिकाचा विश्वास वाढत गेला. जिन्याच्या तोंडाशी तिनं खोल श्वास घेतला आणि चाक खाली सोडलं.

पहिल्या वळणाच्या आधीच पुढचं चाक भलतीकडं जायला लागलं. वळवावं तर वळेना. तिनं ब्रेक दाबले, उतरली आणि बाजूच्या दगडावर बसली. नवी कोरी, एवढी मऊ चालणारी सायकल, तरी तेच. म्हणजे दोष सायकलचा नव्हताच. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला.

तेवढ्यात वरून सायकलचा आवाज आला. रूपा होती. पठारापलीकडच्या वाडीतली, बाविशीची पोरगी. पर्यटकांना डोंगरात सायकलवरून फिरवायचं काम करायची. रूपाची आणि सारिकाची ओळख रविवारच्या राम-राम इतकीच. दोघींची उंची मात्र सारखी, म्हणजे दोघीही बुटक्या.

रूपानं सारिकाकडं पाहिलंच नाही. ती काळ्या सायकलकडं बघत होती. "ताई, ही माधवीताईंच्या दुकानातली ना? मला लय दिवसांची चालवायचीय. जरा देता का? तवर तुमी माझी घ्या."

रूपाची सायकल जुनी होती, रंग उडालेला, हँडलच्या मुठीला चिकटपट्टी. एक परदेशी बाई गाव सोडून जाताना तिला विकून गेली होती. सारिकानं मान हलवली. रूपा काळी सायकल घेऊन वर पठारावर गेलीसुद्धा.

सारिका त्या जुन्या सायकलवर बसली, ती नुसती खालपर्यंत ढकलत न्यायच्या विचारानं. आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकलेत. टाचेसकट. हँडल धरलं तर कोपरं वाकलेली राहिली. आजवर ती हात ताणून हँडल धरायची आणि समजायची की सायकल अशीच धरतात.

तिनं ब्रेक सैल केला. पहिलं वळण आलं आणि खांदे आपोआप आत झुकले. पुढचं चाक तिनं बघितलं तिकडं गेलं. ह्यात काही करामत करावी लागली नाही. दुसरं वळण, जिथं हाड मोडलं होतं ते, येऊन मागंही गेलं तेव्हा सारिकानं सायकल थांबवली, दोन्ही पाय टेकले आणि मोठ्यानं हसत सुटली. डोंगरात एकटी बाई अशी हसतेय म्हटल्यावर कुणालाही वाटलं असतं हिला काहीतरी झालंय.

थोड्या वेळानं रूपा वरून चालत आली, काळी सायकल हातात धरून.

"लय मोठी हाय ओ," ती तोंड वाकडं करून म्हणाली. "दिसायला झ्याक, पन पुडचं चाक ऐकतच न्हाई. मी तर पैल्या वळनालाच उतरले."

"तू उतरलीस?" सारिकानं विचारलं.

"व्हय. का?"

जिन्यावरून डोळे मिटून उतरणारी रूपा ह्या सायकलवर उतरून चालली होती. एवढं कळलं तरी पुष्कळ होतं.

तिनं रूपाला तसंच दुकानात नेलं. कैलास तिथं आधीच येऊन बसला होता. सारिका माधवीला म्हणाली, "ताई, एक काम करा. मला दोन्ही सायकलींवर बसवा आणि बाजूनं फोटो काढा."

माधवीनं सायकली एकेक करून स्टँडवर लावल्या आणि फोटो काढले. चौघंही फोनवर वाकले. काळ्या सायकलवरची सारिका उंच फळीवरच्या डब्याला हात पुरवणाऱ्या बाईसारखी दिसत होती. पाठ ताणलेली, हात सरळ, सगळा भार मागच्या चाकावर. रूपाच्या सायकलवरची सारिका मधोमध होती, गुडघे आणि कोपरं वाकलेली, जणू आत्ता निघणार.

"पुढच्या चाकावर वजनच नव्हतं तुझं," माधवी हळूच म्हणाली. "वजन नाही तर ते वळणार कसं? आणि मी इतकी वर्षं तुला चालवताना बघतेय. मला वाटायचं तू घाबरून मागं सरकतेस."

"मलाही तेच वाटायचं," सारिका म्हणाली. "मला स्मॉल पाहिजे."

कैलासनं घसा खाकरला. "वहिनी, नीट विचार करा. स्मॉल हितं कुणाकडंच नसणार, मागवावी लागणार. जानेवारीत शर्यत आहे. ही मीडियम आजच्या आज मिळतीय. हँडल पुढं धरणारा स्टेम आखूड बसवू, सीट पुढं घेऊ. भागून जाईल."

"थोडंफार भागतं," माधवी म्हणाली. "सगळं नाही. पण कैलास म्हणतोय ते खरं आहे, यायला बराच वेळ लागेल. आणि स्मॉलमध्ये जी फ्रेम चांगली आहे तिचा ट्रॅव्हल ह्याच्याहून कमी आहे. रंगही एकच येतो." तिनं संगणकावर चित्र दाखवलं.

कैलास बघतच राहिला. "हा तर शिळ्या पिठल्याचा रंग आहे."

सारिकानं चित्र पाहिलं. रंग खरंच शिळ्या पिठल्याचा होता. टांगलेली काळी फ्रेम दुकानाच्या उजेडात चमकत होती. ती आज नेली असती तर पुढच्या रविवारी सगळ्यांनी भोवती गर्दी करून कौतुक केलं असतं. शर्यतीआधी सरावाला भरपूर वेळही मिळाला असता. पण सराव कशाचा, तर हात ताणून धरायचा. तो तिचा झाला होता, पुष्कळ.

"भागवून घेतलेलीच चालवत आलेय मी आजवर," ती म्हणाली. "पिठलं चालेल. मागवा, ताई. शर्यत हुकली तरी चालेल."

वाट बघायचे दिवस लांब होते. रविवारी मंडळी डोंगरात जायची तेव्हा सारिका पायी पठारावर चढायची, म्हणजे दम तरी टिकावा. अधूनमधून रूपा कामावरून सुटली की आपली सायकल तिला फिरवायला द्यायची. कैलास दर दोन दिवसांनी विचारायचा, "पिठलं शिजलं का?" सारिका चिडत नव्हती. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. इतके दिवस ज्या गोष्टीला ती आपला स्वभाव समजत होती, ती नुसती नळीची लांबी निघाली होती.

डिसेंबरात फ्रेम आली. जुन्या सायकलची चाकं, ब्रेक, फोर्क सगळं नव्या फ्रेमवर चढवायला माधवी, सारिका आणि कैलास दुकानात बसले. सीटखालची दांडी नव्या नळीत बसेना, जाड निघाली. लोणावळ्यात त्या मापाची मिळाली नाही. कैलास उठला, मोटरसायकलला किक मारली आणि पुण्याहून घेऊन आला. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याचं तोंड धुळीनं माखलं होतं.

"आता तरी हिला पिठलं म्हणू नका," सारिका म्हणाली.

"आता तर म्हणणारच," तो म्हणाला, आणि दांडी तिच्या हातात दिली.

शेवटी माधवीनं सारिकाला सायकलवर बसवलं आणि तिच्या वजनाच्या हिशेबानं मागच्या शॉकमध्ये हवा भरली. थोडी भरायची, तिला बसवून बघायचं, पुन्हा सोडायची. सारिका भिंतीला हात टेकून बसली होती. सायकलची एखादी गोष्ट तिच्यापुरती, तिला विचारून बसवली जात होती, हे पहिल्यांदाच घडत होतं.

पहिल्या रविवारी जिन्यावरची दोन वळणं तिनं सहज घेतली आणि तिसऱ्यावर सपशेल आपटली. तिथं वळणातच गुडघाभर उंचीचा दगड उतरायचा असतो. कोपर सोलवटलं. पण पडल्या जागीच तिला कळलं की आपण का पडलो. दगडाच्या काठावर आल्यावर तिनं ब्रेक दाबला होता, तो आधी दाबून तिथं सोडायला हवा होता. भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या शेजारी आता कारणही दिसत होतं. ती सायकल घेऊन पुन्हा वर गेली, पुन्हा आली आणि दगडावरून खाली उतरली. मग आणखी एकदा. खाली मंडळींनी चहा मागवला होता. तिचा पेला अजून गरम होता.

शर्यतीच्या दिवशी वलवणच्या धरणावर धुकं साचलं होतं. स्त्री-पुरुष एकत्रच सुटणार होते, निकाल तेवढे वेगळे. अमृतनं फुलांच्या टेम्पोत सगळ्यांना आणलं होतं. त्याचे वडील महिपतीआबा आणि बयाबाई दोघंही आले होते. बयाबाईंनी सुनेला डोंगरात सायकल चालवताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांना जिन्याच्या पायथ्याशी एका सपाट दगडावर बसवून अमृत शेजारी उभा राहिला.

शिट्टी झाली. बायकांमध्ये रूपा पहिल्यापासून पुढं गेली. सारिकानं घाई केली नाही. पठाराचा चढ लागला तशी ती एकेकाला मागं टाकत निघाली. नवी फ्रेम चढाला हलकी होती, पायातला जोर सरळ चाकात उतरत होता. चढाच्या शेवटच्या टप्प्यात तिनं रूपाला गाठलं.

"आलात व्हय ताई," रूपा धापा टाकत म्हणाली.

"आले."

"जावा पुडं. जिन्यात धरते तुमाला."

ती पोकळ धमकी नव्हती, सारिकाला माहीत होतं की रूपा तसं करू शकते. पठारावर आल्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही. समोर जिन्याचं तोंड होतं आणि त्याच्या अलीकडं निळ्या बनियनमधली ओळखीची पाठ. कैलास.

जिन्यात तो तिच्या पुढं शिरला. पहिल्या वळणाला त्याची लांबलचक सायकल हळू झाली. तो ती रेटत, खेचत वळवत होता. सारिकाला आतल्या बाजूला जागा दिसली.

"भावजी, डावीकडनं येतेय."

कैलासनं एक क्षण मागं पाहिलं आणि सायकल उजवीकडं घेतली. तिचं पुढचं चाक त्याच्या पायाशेजारून सरकलं. दुसरं वळण. मागं दगडांवर आणखी एका सायकलचा आवाज होता, जवळ येणारा. रूपा. तिसऱ्या वळणाआधी सारिकानं ब्रेक दाबला, काठावर सोडला, कोपरं वाकवली आणि दगड चाकांखालून मागं गेला. दोन्ही चाकं एकदमच जमिनीला लागली. शॉक दबला आणि वर आला. समोर वाट मोकळी होती.

पायथ्याशी बयाबाई दगडावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. सून डोळ्यांपुढून गेली ते त्यांना नीट दिसलंही नाही, पिवळट काहीतरी झपकन गेलं एवढंच.

"आपलीच व्हती का?" त्यांनी विचारलं.

"आपलीच," अमृत म्हणाला.

"उतरली न्हाई का ती?"

"नाही उतरली."

महिपतीआबांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमची सून हाय."

शेवटच्या सपाट रस्त्यावर रूपा तिच्या मागच्या चाकाला येऊन चिकटली. सारिकाच्या मांड्या पेटल्या होत्या, डोळ्यांत घाम जात होता. रूपा बाजूला आली, हँडलला हँडल लागलं. सारिका सीटवरून उठली आणि चढावर घालायची तशी सगळी ताकद घातली. शेवटच्या पट्ट्यावरून ती सायकलभर अंतरानं आधी गेली.

दोघी थोडं पुढं जाऊन थांबल्या आणि रस्त्याकडेच्या गवतात आडव्या झाल्या. मग रूपा आभाळाकडं बघत म्हणाली, "पुडच्या वर्षी न्हाई सोडनार. पन त्याच्या आधी मला चढ शिकवायचा. तुमी वर जाताना दम कुटं ठेवता ते सांगायचं."

"रविवारी ये. सांगते," सारिका म्हणाली.

माधवीनं बायकांतली पहिली म्हणून तिचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत मोठी शिट्टी कैलासनं मारली. पदक गळ्यात घालून ती टेम्पोजवळ आली. बयाबाईंनी तिच्या कोपरावरच्या जुन्या ओरखड्याला हात लावून बघितला, पदराच्या टोकानं त्यावरची माती पुसली आणि म्हणाल्या, "चल, बस आता गाडीत. दमली असशील."

अमृतनं टेम्पोचं मागचं फाळकं उघडलं. सारिकानं पदक काढून सासूच्या हातात दिलं, पाण्याची बाटली भरून घेतली आणि सायकल रस्त्याकडं वळवली.

"मी चालवत येते," ती म्हणाली.

"इंदुरीपर्यंत?" अमृतनं विचारलं.

"उतारच आहे बराचसा."

धुकं उठलं होतं आणि जुन्या हायवेवर ऊन पडलं होतं. कामशेतच्या पुढं मागून धापांचा आवाज आला. कैलास होता, वाकून पायडल मारत तिच्या मागं यायची धडपड करत होता.

"वहिनी, जरा हळू घ्या की," त्यानं ओरडून सांगितलं.

सारिकानं एक हात वर करून दाखवला आणि गिअर आणखी एक वर टाकला.